उभ्या उसातून जाताना

आज सकाळी आईनं गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर राख पडली. बोटभर लांबीच्या काळ्या पात्या, हलक्या, गिरक्या घेत उतरणाऱ्या. टिपायला गेलं की चुरा होतो आणि मागं काळी रेघ राहते. ओढ्यापलीकडं कुणीतरी ऊस पेटवला असणार. आई खालून ओरडली, "शुभे, चादरी काढ गं. झटकू नगंस, रेघा वढतील." मी काढल्या, आणि झटकू नको म्हणाली होती तरी झटकल्या. चारही चादरी नासल्या. मला थांब म्हटलं की माझे हात आधी चालतात, ही लहानपणापासूनची गोष्ट आहे.

कुंडलच्या पुढच्या आमच्या गावात हिवाळा असा काही नसतोच. असतो तो गळिताचा हंगाम. पुण्यातले मित्र विचारायचे तेव्हा मी त्यांना गुऱ्हाळ, काकवी, गरम गूळ असलं काहीबाही सांगायचे, कारण त्यांना तेच ऐकायचं असायचं. खरं सांगायचं तर हा हंगाम मारामारीचा. दिवाळी सरते न सरते तोच दराचं आंदोलन पेटतं, तीन रस्ते मिळतात त्या तिकाटण्यावर ट्रॅक्टर अडवले जातात, चाकांची हवा सुटते, उसाच्या मोळ्या गटारीत ओतल्या जातात. एका वर्षी बिचाऱ्या ड्रायव्हरला खाली ओढून इतकं बडवलं होतं की त्याच्या कानातून रक्त आलं. त्याचा आणि दराचा काय संबंध, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. पुढं ऊसतोडीच्या टोळ्यांवरून भांडणं. टोळी आधी माझ्या रानात, का तुझ्या रानात? सख्खे भाऊ बांधावर एकमेकांच्या गचांड्या धरतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात आणि मागं दिवा नसलेल्या ट्रॉलीखाली दरवर्षी कुणीतरी मोटरसायकलवाला जातो. आणि या सगळ्याच्या खाली एक आवाज चालूच असतो, कोयत्याचा. खच्, खच्, खच्. उसाच्या बुडख्यावर बसणारा. तो आवाज ऐकतच मी अभ्यास केला, कराडला जाऊन इंजिनीअर झाले आणि हा आवाज आपल्या कानात आहे हेच विसरून गेले.

तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात याच गच्चीवर, याच पत्र्याच्या सावलीत बसून मी शहर निवडत होते.

माझं काम कुठूनही करता येण्यासारखं. एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरसाठी मी सूचना लिहिते, म्हणजे हे बटण दाबा, ते दाबू नका, आधी हे तपासा, मग पुढं जा. जगभरच्या लोकांना कुठलंही काम कोणत्या क्रमानं करावं हे मी शिकवते. पुढं काय घडलं ते वाचताना हे लक्षात ठेवा आणि खुशाल हसा. पुण्यातली खोली सोडून मी गावी आले तेव्हा आबा, माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन परतलेले, जाऊन वर्ष झालं होतं. घरात आई आणि माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान विजू. शेती विजूच्या अंगावर. शेजारच्या रानात चुलते, नाना, आणि त्यांचा मुलगा संभादादा. बांधाला बांध, भिंतीला भिंत.

शहराचा तक्ता मी फार मन लावून केला होता. डाव्या बाजूला शहरं: दुबई, क्वालालंपूर, दा नांग, बातुमी, तिबिलिसी. वर रकाने: घरभाडं, कर, इंटरनेटचा वेग, व्हिसा किती महिन्यांचा, हवा, भाजी, आपल्याकडच्या वेळेशी फरक. दुबईत कर नाही पण भाडं ऐकून आईनं "कुटं महालात राहणार हायस व्हय?" असं विचारलं होतं. दा नांग स्वस्त, समुद्र, पण व्हिसाची कटकट दर तीन महिन्यांनी. जॉर्जियातल्या तिबिलिसीत स्वतःच्या नावानं छोटा व्यवसाय नोंदवला की कर अगदी नावापुरता. विजू संध्याकाळी रानातून आला की माझ्या मागं उभा राहून पडद्याकडं बघायचा. पायाला चिखल, अंगाला उसाची खाजरी कूस.

"अक्का, तितं टॅक्स न्हाई, तर रस्तं कोण करतं?"

"करतात कुणीतरी. हितं टॅक्स भरून तुझ्या रानापर्यंत रस्ता झालाय का?"

"त्ये बी खरं हाय म्हणा," असं म्हणून तो हसायचा आणि माझ्या खुर्चीला चिखलाचा हात पुसून जायचा.

तक्त्यात शेवटचा रकाना सुरक्षिततेचा. बाई एकटी, म्हणून मी त्याला सगळ्यात जास्त वजन दिलं होतं. कुठं अंधारात एकटीनं चालता येतं, कुठं खिसे कापतात, कुठं परक्याला फसवतात, हे जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेलं मी तासन् तास वाचायचे. वाचत असताना खाली रस्त्यावर दोन ट्रॅक्टरवाले एकमेकांची आई-बहीण काढत असायचे. आमच्या शिवाराला कुणी गुण दिले असते तर किती पडले असते, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. आपलं घर तक्त्यात घालायचं असतं, हे कुणाला सुचतं?

तिबिलिसी ठरलं. जायची तारीखही ठरली, कारण तिच्यामागं कायदा होता. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. त्या वर्षातले सहा महिन्यांहून कमी दिवस भारतात काढले तर बाहेरच्या कमाईवर इथला कर लागत नाही, असं मला सांगलीच्या सीएनं समजावून दिलं होतं. म्हणजे नवं वर्ष लागायच्या आत देशाबाहेर पडलं की कोऱ्या पाटीनं सुरुवात. मी सत्तावीस मार्चचं तिकीट काढलं. एका शहरानं मला निवडलंय, असं काहीतरी वाटून आठवडाभर मी उगाचच सगळ्यांशी गोड बोलत होते.

आणि ऊस उभा होता.

त्या साली पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, रानं वाळायला वेळ लागला, त्यात आंदोलनानं पंधरा दिवस खाल्ले. ओढ्याकाठचा आमचा दोन एकर ऊस फेब्रुवारी संपला तरी तसाच. तुरे येऊन गेलेला, खालून वाळलेला, वाऱ्यावर खडखड वाजणारा. आमच्या आईचा एक नियम आहे. ऊस उभा आहे तोवर घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला जात नाही. का, म्हणून विचारलं तर सांगता यायचं नाही. आबा रजा वाढवून घ्यायचे, साहेबाच्या शिव्या खायचे, पण शेवटची ट्रॉली कारखान्याकडं गेली की मगच ट्रंक उचलायचे. मी हसले, चिडले, विमान उसासाठी थांबत नसतं म्हणाले. आई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंही नाही.

"ऊस जाऊं दे. मग जा."

"आणि नाही गेला तर?"

"मग तूबी न्हाई."

मी जेवतं ताट भिंतीवर भिरकावलं. तिशी उलटलेली, इंजिनीअर झालेली, जगाला सूचना लिहिणारी बाई. आमटीचा ओघळ भिंतीवरून उतरत होता. आई शांतपणे उठली आणि तिनं फडक्यानं भिंत पुसली.

टोळीचा मुकादम बीडकडचा होता. मार्च लागला तशी त्याची माणसं गावाकडं परतायला लागली होती. तो एकदा आमच्या अंगणात उकिडवा बसून विजूला म्हणाला, "पेटवून देता का? पेटवला तर परवाच्याला तोडून देतो. नसता आम्ही निघालो." त्यात नवल काही नव्हतं. उसाची वाळकी पात, म्हणजे पाचट, जळून गेलं की नुसते दांडके उरतात, तोडणी निम्म्या वेळात उरकते आणि जळका ऊस फार दिवस ठेवता येत नसल्यानं कारखानाही तो आधी उचलतो. वजनात मार बसतो, पण रान मोकळं होतं. हंगामाच्या शेवटी अर्धा गाव हेच करतो.

विजू करत नव्हता. "अक्का, तीन वर्सं झाली, मी पाचट जाळलं न्हाई. माती बघ कशी झालीया. मूठभर उचल, गांडूळ गावतंय का न्हाई बघ." तो खरंच मूठभर माती उचलून माझ्या नाकासमोर धरायचा. मला त्या मातीचा राग यायचा. माझं सगळं पुढचं आयुष्य एका गांडुळापाशी अडलं होतं.

ऊस पेटवायची एक रीत आहे. ती मी जन्मापासून बघत आलेय, कुणी शिकवावी लागत नाही. दुपार टळू द्यायची, वारं पडू द्यायचं. त्याआधी चारी बाजूंनी ऊस तोडून पट्टा मोकळा करायचा, तो ओला करायचा. शेतीची लाइट कधी आहे ते बघून मोटार चालू ठेवायची. शेजाऱ्यांना सांगायचं, म्हणजे तेही आपापल्या बांधावर ओली पोती घेऊन उभे राहतात. आणि काडी लावायची ती वारं ज्या दिशेला जातं त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध रांगत जाते, उडत नाही. पाच सूचना. मी लिहायला बसले असते तर नीट क्रमांक घालून, चित्रं काढून लिहिल्या असत्या.

मी दुपारी दोनला काडी ओढली. कारण चारला माझी मीटिंग होती.

हे वाक्य मी तीन वर्षांत बऱ्याचदा मनाशी लिहून खोडलंय. कारण म्हणून ते फारच लहान आहे. पण कारण तेच होतं. तासाभरात जळून जाईल, मग घरी जाऊन हातपाय धुऊन कॅमेऱ्यासमोर बसू, असा माझा सरळ आराखडा होता. विजू पलूसला गेला होता. देव्हाऱ्यातली काडेपेटी मी मुठीत धरून आणली होती. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची आहे, म्हणजे दुपारी मोटार चालणारच नाही, हे मी बघितलं नाही. पट्टा तोडला नाही. नानांना सांगितलं नाही. वाटेवरून जिथं पोचायला सोपं, त्या पश्चिमेच्या कोपऱ्यात मी वाकले. वारं पश्चिमेचंच होतं, आणि पूर्वेला नानांचं रान.

पेटलेला ऊस ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. आधी फुसफुस, मग तडतड, मग एकदम गोळीबार. कांड्या फुटतात. आग खाली जमिनीवर असते तोवर आपल्याला वाटतं, आपली आहे. मग ती उसाच्या डोक्यावर चढते आणि मग ती कुणाचीच नसते. माझ्या पायांवरून उंदीर पळाले. एक मुंगूस पेटत्या शेपटीनं बाहेर आलं आणि परत आतच पळालं, का ते देव जाणे. तोंडावर झळ आली आणि भुवया करपल्याचा वास माझा मलाच आला. मी मागं सरले, अजून मागं सरले. खरं सांगायला हवं. पहिली दोन मिनिटं मला आनंद झाला होता. हाडांपर्यंत पोचणारा आनंद. जाळ, सगळा जाळ, असं मी मोठ्यानं म्हणाल्याचं मला आठवतं.

मग आग बांध ओलांडून गेली. पेटत्या पात्या पाखरांच्या थव्यागत उठल्या आणि नानांच्या आठ महिन्यांच्या उसाच्या लागणीत उतरल्या. लागणीच्या पलीकडं पाचटानं शाकारलेली खोप होती, आणि खोपीत नानांची गाभण म्हैस. चोरीच्या भीतीनं नाना तिला दाव्याऐवजी साखळीनं बांधायचे. सत्तरीचे नाना धावत गेले आणि तापलेली साखळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. त्यांच्या तळव्यांची कातडी साखळीवर राहिली आणि म्हैस आत राहिली. तिचा आवाज मी इथं लिहिणार नाही. तो मला लिहिता येत नाही.

माणसं धावली. विजूही कुठून तरी आला, मोटरसायकल वाटेतच टाकून. ओलं पोतं घेऊन तो बांधावर आग झोडत सुटला, एकटा, वेड्यासारखा. मी शेजारी उभी होते. माझ्या हातात पोतं नव्हतं, काही नव्हतं. काडेपेटी मी कधी टाकली ते आठवत नाही. संभादादा ओढ्यातून वर चढून आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात कोयता. हंगामात प्रत्येकाच्याच हातात कोयता असतो. तो आमच्यासमोर थांबला.

"कुणी लावली?"

मी तोंड उघडलं. उघडलं एवढं मला नक्की आठवतं. शब्द आला नाही. विजूनं एकदा माझ्याकडं बघितलं, पोतं खाली टाकलं आणि म्हणाला, "म्या लावली."

कोयता वर गेला तेव्हा विजूनं उजवा हात मध्ये घातला. खच्. तोच आवाज, जो मी बालपणभर ऐकला होता, ज्याच्या तालावर मी पाढे पाठ केले होते. विजूची तीन बोटं सरीत पडली. तो ओरडला नाही. आपल्या हाताकडं बघत खाली बसला. संभादादाच्या हातातून कोयता गळाला. मग त्याचा चेहरा असा झाला, जणू मारलं दुसऱ्याच कुणी. त्यानं डोक्याचा पटका सोडला, विजूचा हात आवळून बांधला आणि माझ्यावर ओरडला, "बघत काय हुबी ऱ्हायलीस? जीप काढ!"

सांगलीपर्यंत गाडी मी चालवली. मागच्या सीटवर संभादादानं विजूला उराशी धरलं होतं. ज्यानं तोडलं तोच रडत होता आणि ज्याचं तुटलं तो त्याला "दादा, गप की रं" म्हणत होता. अर्ध्या वाटेत माझा फोन वाजला. पडद्यावर अक्षरं होती: पंधरा मिनिटांत मीटिंग. मी एका हातानं उत्तर पाठवलं, घरी थोडी अडचण आहे. पलीकडून ताबडतोब काळजी घे असं आलं, आणि पुढं बदामाचं चित्र.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोघंही एकाच वेळी बोलले. "कडबाकुट्टीत हात गेला." डॉक्टरांनी ती सरळ, स्वच्छ जखम बघितली, दोघांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान डोलावली. नानांकडच्यांनी आगीची फिर्याद दिली नाही, आम्ही कोयत्याची दिली नाही. गावानं आपसात निकाल लावून टाकला. विजूनं चुलत्याचा गोठा जाळला, संभानं त्याची बोटं तोडली, फिट्टंफाट. या निकालात माझं नाव कुठंच नव्हतं. मला ते कुणीतरी घालील असं आठवडाभर वाटत राहिलं. रोज सकाळी उठून मी ठरवायचे, आज सांगायचं. आणि रोज संध्याकाळी पासपोर्ट जागेवर आहे का ते बघायचे.

विजू घरी आला तो हाताला पांढरा गोळा बांधून. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले की मी जात नाही. तो उसाच्या रानाकडं बघत होता. जळके दांडके टोळीनं दोन दिवसांत तोडून नेले होते, सगळं काळं, सपाट.

"ऊस तर गेला की, अक्का," तो म्हणाला. "आता आईबी अडवायची न्हाई. जा तू."

त्यानं ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो मनापासून बोलत होता. सत्तावीसला मी गेले. देव्हाऱ्यातली काडेपेटी कुठं गेली, हे आईनं कधीच विचारलं नाही. दारात एवढंच म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

तिबिलिसीबद्दल वाईट बोलण्यासारखं माझ्याकडं काहीच नाही. तक्त्यात जे जे होतं ते सगळं तिथं निघालं. भाडं परवडतं, इंटरनेट धावतं, कर इतका थोडा की भरताना लाज वाटते. खिडकीतून नदी दिसते, पलीकडं टेकडीवर जुना किल्ला. बाजारातून मी एकटी कधीही चालत येते, कुणी वळून बघत नाही. वर्षातले किती दिवस कुठं होते याची एक वही मी ठेवते, सीएनं सांगितलंय म्हणून. तीन वर्षांत भांडणासाठी माझ्यावर कुणी आवाज चढवला नाही. मीही चढवला नाही. माझा राग कुठं गेला, असं मला कधीकधी वाटायचं, आणि मग कळायचं की राग यायला समोर माणूस लागतं.

पहिल्याच वसंतात घरमालकीणबाईंनी अंगणात मांस भाजायला बोलावलं. त्यांच्याकडं द्राक्षाच्या छाटलेल्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर भाजतात. आमच्या पलूस-कवठे महांकाळच्या बागांतही छाटणीनंतर असेच ढीग पडतात. काड्या तडतडल्या. मी उठले आणि त्यांच्या गुलाबाच्या ताटव्यात ओकले. बाईंनी पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, आणि मी शाकाहारी असणार असं ठरवून मला चीज आणून दिलं.

व्हिडिओ कॉलवर विजू फोन डाव्या हातात धरायचा. उजवा कधी दिसायचाच नाही. तीन वर्षं मी त्या चौकटीच्या खालच्या कडेकडं बघत बोलले. माती कशी आहे, विचारायचे. जळालेल्या रानात गांडूळ परत यायला वेळ लागतोय, म्हणायचा. पैसे पाठवू का, म्हटलं की विषय बदलायचा.

यंदा त्याचं लग्न ठरत आलं होतं. कवठे महांकाळकडची मुलगी, बी.एस्सी. झालेली, त्याला आवडलेली. पाहुणे घर बघून गेले, बोटांचंही सांगून झालं, त्यांची काही तक्रार नव्हती. मग गावातल्याच कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. आठवड्यानं निरोप आला. आईनं तो मला फोनवर जसाच्या तसा सांगितला: "बोटांचं काय न्हाई हो, पण जो पोरगा चुलत्याची गाभण म्हस जित्ती जाळतोय, त्याच्या घरात लेक कशी द्यायची?" मग तिनं माझं नाव घेतलं, नुसतंच नाव, पुढं काही नाही.

मी चौथ्या दिवशी घरी होते.

काल सकाळी संभादादाच्या अंगणात गेले. तीन वर्षांत त्या अंगणात आमच्या घरातलं कुणी गेलेलं नाही. नवी खोप आहे, आता पत्र्याची. नाना बाजेवर बसलेले. त्यांना आता धड दिसत नाही. तळवे मांडीवर उताणे ठेवलेले, गुळगुळीत, रेषा नसलेले. संभादादा खाली बसून कानशीनं कोयत्याला धार लावत होता. मी विमानात, बसमध्ये, रात्रभर जे जुळवलं होतं त्यातलं काही न बोलता एकदम म्हणाले, "दादा, आग मी लावली होती. विजूनं नाही."

तो धार लावत राहिला.

"ठावं हाय."

"काय?"

"मोटारीच्या पेटीपाशी हुबा व्हतो मी, वड्याच्या पल्याड. तुला वाकून काडी वढताना बघितलं. हाका मारल्या. तुला ऐकूच गेलं न्हाई."

"मग... मग विचारलंस कशाला, कुणी लावली म्हणून?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "तुझ्याकडं बघूनच इचारलं व्हतं की. तू गप ऱ्हायलीस."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. तीन वर्षं न आलेला राग एकदम आला. मी ओरडले, चांगली किंचाळले, शेजारच्या भिंतीवरून बायका बघायला लागल्या. "ठाऊक होतं तर माझ्यावर उचलायचा होतास कोयता! त्याला का? त्यानं काय केलं होतं? मी होते ना समोर, मला तोडायचं होतंस!"

"तुला?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तू जाणार व्हतीस, शुभे. बॅगा भरल्या व्हत्यास. आमाला रोज उठून ज्याचं तोंड बघायचं, राग त्याच्यावरच निघतुया. जाणाऱ्याचं काय घेऊन बसायचं?"

नानांनी बाजेवरून मान वळवली. "कोण वरडतंय रं, संभा? कोण आलंय?"

"पावनी हाय, नाना," संभादादा म्हणाला.

मी तिथंच खाली बसले. गावात सांगेन म्हणाले, त्या पाहुण्यांकडं जाऊन त्यांच्यासमोर उभी राहीन म्हणाले. संभादादानं अंगठ्यानं धार चाचपली. "सांग की. पोराचं लगीन तरी हुईल." मग विचारलं, "किती दिस हायस?"

"अठराचं परतीचं तिकीट आहे."

त्यानं मान हलवली, तक्रार नसल्यासारखी. आत बघून वहिनीला हाक मारली आणि मला म्हणाला, "राहणार असशील तर सांग, मग भांडू आपुन. नीट, मन भरस्तवर भांडू. जाणार असशील तर च्या पी आन जा."

वहिनी कपबशी घेऊन बाहेर आली, पाहुण्यांना देतात तसा पदर सावरून, आणि तिनं ती माझ्यापुढं धरली. मी हात पुढं केला नाही.